आळशी मुंग्यांचं वकीलपत्र

तिला घरीदारी सगळे बारकी म्हणायचे. अंगापिंडाने लहान म्हणून म्हणायचे, आणि दोन भावंडांत धाकटी म्हणूनही. अकरावीची परीक्षा संपली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, पण दुकानात गेली की दुकानदार अजून "बाळ, काय हवंय?" असंच विचारायचा. बारकीला त्याचा राग यायचा, पण ती बोलून दाखवायची नाही. बोलणं कमी आणि बघणं जास्त, असा तिचा स्वभाव.

वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळेच्या बसवरच्या. छापील फलक आल्यापासून काम निम्म्यावर आलं होतं, तरी दारावरचं नाव हातानेच लिहिलेलं हवं असा हट्ट धरणारे लोक अजून होते, त्यांच्यावर घर चालत होतं. आई बॅगा शिवण्याच्या कारखान्यात जायची. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बारकी लहानपणापासून बाबांच्या शिडीखाली बसलेली. सहाव्या वर्षी ती अक्षरांच्या पोटात रंग भरायला लागली आणि बाराव्या वर्षी कडा मारायला. कडा मारणं म्हणजे पेंटरच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. श्वास रोखून, मनगट न टेकवता, एका दमात.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी त्या वर्षी फळ्यावर एक कागद लावला. गावाच्या टोकाला जी मोठी संशोधन संस्था होती, तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे काम शिकायला चार विद्यार्थी घेणार होते. बारकीने अर्ज केला. मुलाखतीला एकवीस जण आले होते. कुणी बक्षिसांची प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावून आणली होती, कुणाचे काका तिथलेच होते.  बारकीकडे फाइलच नव्हती.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम मुंग्यांवर काम करायच्या. करड्या केसांच्या, चष्मा कायम कपाळावर चढवलेल्या. त्यांनी विचारलं, "तुला काय येतं?"

बारकीने खूप विचार केला आणि म्हणाली, "मला सरळ रेष मारता येते. पट्टीशिवाय."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कागद पुढे सरकवला. बारकीने रेष मारली. मॅडमनी ड्रॉवरमधून पट्टी काढून त्या रेषेला लावली, वाकून बघितलं आणि दुसरा प्रश्नच विचारला नाही.

निवड झाल्याचं कळल्यावर आत्याने फोनवर कपाळाला हात लावला. "मुंग्या बघायला एवढ्या लांब बसने जायचं? माझ्या स्वयंपाकघरात ये की. साखरेच्या डब्यात हव्या तेवढ्या बघ, चहापण मिळेल."

पहिला आठवडा असा गेला की आत्याचंच खरं वाटावं. बारकीला काचेची भांडी धुवायला लावली. मुंग्यांच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांना आतून पावडरचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे मुंग्या घसरतात आणि बाहेर येत नाहीत. साखरपाण्यात कापसाचे बोळे भिजवून ठेवायचे. मेलेल्या मुंग्या चिमट्याने उचलून मोजायच्या. भांडी धुवायला जोडीला प्रयोगशाळेतल्या मावशी होत्या. त्या बावीस वर्षं तिथे होत्या आणि कुठली काच कुणी फोडली हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

बारकीला ज्याच्या हाताखाली दिलं होतं, तो पीएचडी करणारा दादा. हुशार, पण दिवसभर एकच वाक्य त्याच्या तोंडी : "कशावरून?" कुणी म्हणालं आज उकडतंय, तर हा विचारणार, कशावरून? प्रयोगशाळेत त्याला शंकासुर म्हणत आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

शंकासुराचं काम असं होतं : एका वारुळातल्या मुंग्या कामं कशी वाटून घेतात ते शोधायचं. त्यासाठी प्रत्येक मुंगी वेगळी ओळखू यायला हवी. म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर, पाठीवर आणि पोटावर वेगवेगळ्या रंगांचा एकेक ठिपका द्यायचा. पांढरा-पिवळा-हिरवा ही एक मुंगी, पांढरा-पिवळा-निळा ही दुसरी. मुंगी तीन मिलिमीटरची. तिला बर्फावर ठेवून सुस्त करायचं आणि ती शुद्धीवर यायच्या आत भिंगाखाली तीन ठिपके द्यायचे. शंकासुर तासाला दहा मुंग्या रंगवायचा आणि त्यातल्या निम्म्या रंगात चिकटून मरायच्या. त्याच्या अंगावर काटा यायचा, पण इलाज नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी बारकी त्याच्या मागे उभी राहून बघत होती. चौथी मुंगी मेली तेव्हा तिला राहवलं नाही.

"दादा, रंग घट्ट आहे. आणि ब्रश जाड आहे."

"कशावरून?"

"ठिपक्याला कडा नाहीये. पसरतोय."

शंकासुराने खुर्ची सोडली. "बस. कर."

"आज नको. उद्या करते," बारकी म्हणाली, आणि संध्याकाळी घरी जाऊन तिने बाबांपुढे अडचण मांडली. बाबांनी आपला सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि चिमट्याने त्याचे केस उपटायला सुरुवात केली. तीन केस उरले तेव्हा थांबले. "तेलाचा रंग वापरू नकोस," ते म्हणाले. "त्यात थिनर घालावा लागतो. माझं डोकं दुखतं त्या वासाने, तुझी मुंगी तर गुदमरूनच जाईल. पाण्यातला रंग घे. दुधाइतका पातळ कर, पण पाण्याइतका नको."

दुसऱ्या दिवशी बारकी भिंगापुढे बसली. श्वास रोखला. डोकं, पाठ, पोट. पुढची. डोकं, पाठ, पोट. तासाभराने शंकासुराने मोजल्या तर चव्वेचाळीस मुंग्या झाल्या होत्या आणि एक मेली होती. त्याने उठून मॅडमना बोलावून आणलं. मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "भांडी धुवायला उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा."

त्या दिवशी बसमध्ये बारकीला बसायला जागा मिळाली नाही, पण ती तरंगतच घरी आली.

पुढचे अडीच आठवडे मोजण्याचे. पेट्यांवर कॅमेरे लावले होते आणि दर पाच मिनिटांनी फोटो निघायचा. कोणती मुंगी कुठे आहे, काय करतेय, ते बारकी तक्त्यात भरायची. काही मुंग्या अन्न आणायच्या, काही अळ्यांना भरवायच्या, काही घर साफ करायच्या. आणि काही मुंग्या काहीच करायच्या नाहीत. सात नंबरच्या पेटीत नव्वद मुंग्या होत्या, त्यातल्या छत्तीस नुसत्या एका कोपऱ्यात बसून. सकाळी बघा, दुपारी बघा, तिथेच. तक्त्यात त्यांच्यासाठी 'निष्क्रिय' असा रकाना होता. शंकासुर त्यांना सरळ आळशी म्हणायचा आणि हिशेबातून वगळायचा.

बारकीला ते खटकायचं. "दादा, एवढ्या मुंग्यांना बसवून खायला घालणं वारुळाला परवडतं कसं?"

"तू काय आळशी मुंग्यांचं वकीलपत्र घेतलंयस का?" शंकासुर हसत म्हणाला. "आळशी असतात. माणसांत नसतात?"

चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी सात नंबरच्या पेटीला बारकीच्या कोपराचा धक्का लागला. मुंग्यांचं घर म्हणजे दोन काचांमधली एक फट, आणि वर लाल कागद. मुंग्यांना लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल कागदाखाली त्यांना अंधार वाटतो. धक्क्याने तो कागद सरकला आणि घरात भसकन उजेड शिरला.  बारकीने कागद परत ओढायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

घरात पळापळ झाली होती. अळ्या आणि अंडी उजेडात उघड्यावर पडली होती, आणि मुंग्या ती तोंडात धरून अंधाऱ्या कोपऱ्याकडे पळवत होत्या. पण कोणत्या मुंग्या? रोज अळ्यांना भरवणाऱ्या बावचळल्यासारख्या गोल गोल फिरत होत्या. उचलून पळत होत्या त्या दुसऱ्याच. पांढरा-पिवळा-हिरवा. पांढरा-निळा-निळा. बारकीने हाताला लागेल त्या कागदावर खुणा लिहायला सुरुवात केली. पाच मिनिटांत सतरा मुंग्यांनी अळ्या हलवल्या. तिने यादी तपासली. सतरापैकी चौदा 'निष्क्रिय' रकान्यातल्या.

ती धावतच शंकासुराकडे गेली. त्याने कागद घेतला, दोनदा वाचला. मग म्हणाला, "यातल्या बहुतेकींच्या डोक्यावर पांढरा आहे."

"हो."

"का?"

बारकीला आठवलं. रंगवण्यासाठी मुंग्या पकडल्या तेव्हा बाहेर फिरणाऱ्या आधी हाती लागल्या, त्यांना पिवळ्या आणि निळ्या खुणा गेल्या. घरात बसून राहणाऱ्या शेवटी सापडल्या, तेव्हा पांढऱ्याची पाळी होती.

"म्हणजे," शंकासुर म्हणाला, "तू आळशी मुंग्या शोधल्यास, की पांढऱ्या रंगाने मुंग्या आळशी केल्यास, हे सांगता येत नाही. पांढऱ्याने त्या सुस्तावल्या असतील. पांढरा डोक्यावर असल्याने उजेडात त्या बिथरत असतील. काहीही असेल."

त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. बारकीचं तोंड एवढंसं झालं. घरी आली ती न जेवता भिंतीकडे तोंड करून बसली. आईने दोनदा हाक मारली, मग बाबांना खूण केली. बाबा शेजारी येऊन बसले. बारकीने सगळं सांगितलं. बाबा तिची समजूत घालतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी मान डोलावली.

"तो बरोबर बोलतोय. पांढऱ्यात भर जास्त असते. डबा उचलून बघ, पांढऱ्याचा सगळ्यात जड. मुंगीला डोक्यावर वजन होत असेल."

"म्हणजे तुम्हीपण त्याच्याच बाजूने?"

"मी कुणाच्या बाजूने नाही. पाटीवर अक्षर वाकडं दिसलं तर अक्षर वाकडं की पाटी वाकडी, ते आधी बघावं लागतं. तू बघितलंस का?"

"नाही."

"मग बघ. आणि आता जेव."

सोमवारी बारकी मॅडमच्या दारात उभी राहिली. इतके दिवस ती मॅडमशी आपणहून एक वाक्य बोलली नव्हती. आज रविवारभर वहीत लिहून आणलेलं घडाघडा बोलली. सहा नव्या पेट्या. प्रत्येकीत ऐंशी मुंग्या. कुठल्या मुंगीला कुठला रंग, ते आपण ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. फोटो बघून आळशी कोण, ते दादा ठरवेल आणि यादी कुलपात ठेवेल. ती बारकीला दाखवायची नाही. मग कागद काढायचा, आणि अळ्या कोण हलवतंय ते बारकी लिहील. दोन्ही याद्या शेवटी समोरासमोर ठेवायच्या.

मॅडमनी ऐकून घेतलं. "चारशे ऐंशी मुंग्या. चार आठवडे उरलेत. कधी रंगवणार?"

"या आठवड्यात."

"हात राहील?"

"राहील," बारकी म्हणाली.

चिठ्ठ्या काढायला मावशींना बसवलं, कारण निकाल काहीही लागला तरी त्यांना सोयरसुतक नव्हतं. एका हाताने चिठ्ठी काढायच्या, मोठ्याने वाचायच्या. "डोकं निळं, पाठ पांढरी, पोट पिवळं! आयुष्यभर माणसांना नावं ठेवली, मुंग्यांना पहिल्यांदाच ठेवतेय." बारकीला हसू यायचं आणि हसलं की हात हलायचा, म्हणून तिने मावशींना दम भरला, "मावशी, मी ब्रश उचलला की तुम्ही गप्प." सोळा वर्षांच्या पोरीने बावीस वर्षं जुन्या मावशींना गप्प बसवलं, ही बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्यावर पसरली. पण मावशी खरंच गप्प बसायच्या. पाच दिवसांत चारशे ऐंशी मुंग्या झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी बारकीला पेलासुद्धा धरवेना, आईने तिला हाताने भरवलं.

मग बारा दिवस फोटो. शंकासुर आपली यादी करत होता. बारकी त्याच्या टेबलाकडे पाठ करून बसायची, चुकूनही नजर जाऊ नये म्हणून.

सातव्या आठवड्याच्या शेवटी एकेका पेटीचा लाल कागद काढला. बारकीने अळ्या हलवणाऱ्या मुंग्यांच्या खुणा लिहिल्या. सहाही पेट्या झाल्यावर शंकासुराने कुलूप उघडलं. मॅडम आल्या, हात पुसत मावशीही आल्या. शंकासुर एकेक खूण वाचत होता आणि मॅडम टिकमार्क करत होत्या. 

पहिली पेटी, वीसपैकी सोळा आळशी. दुसरी, अठरापैकी पंधरा. तिसरी, चौथी, पाचवी तशीच. सहावीत मात्र एकोणीसपैकी सहाच. पांढऱ्या डोक्याच्या मुंग्या दोन्ही याद्यांत सारख्याच विखुरलेल्या. रंगाचा काही संबंध नव्हता.

"म्हणजे चांगलं की वाईट?" मावशींनी विचारलं.

शंकासुराने पेन खाली ठेवलं. "मावशी, शंभरात चाळीस आळशी आहेत. नुसता योगायोग असता तर विसात आठ यायला हव्या होत्या. सोळा आल्यात." मग तो बारकीकडे वळला.  "मी चार वर्षं या मुंग्या हिशेबातून काढून टाकत होतो," तो म्हणाला. "चार वर्षं."

 बारकीला एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटत होतं. ती म्हणाली, "पण सहाव्या पेटीचं काय झालं, ते बघायला पाहिजे."

तेव्हा मॅडम खळखळून हसल्या. "शंकासुराची लागण झाली हिला!"

सहावी पेटी उघडून पाहिली. तिच्यातली राणी मेलेली होती.

शेवटच्या शुक्रवारी संस्थेच्या सभागृहात उन्हाळ्याच्या विद्यार्थ्यांची भाषणं होती. समोर साठ-सत्तर संशोधक. आई कारखान्यातून रजा टाकून आली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते, नखांतला हिरवा रंग दिसू नये म्हणून मुठी मिटून. आत्याही आली होती, कुणी बोलावलं नसताना. बारकी बोलण्याच्या मेजामागे उभी राहिली तर फक्त भांग दिसायला लागला. सभागृहात खसखस पिकली. मावशींनी प्रयोगशाळेतलं स्टूल आणून ठेवलं. बारकी त्यावर चढली, सगळ्यांकडे बघितलं, आणि सुरुवात केली.

दहा मिनिटं ती न अडखळता बोलली. आपल्या कोपराचा धक्का लागला हेही सांगितलं, पांढऱ्या रंगाची चूक कशी झाली हेही. पहिल्या रांगेत एक वयस्कर संशोधक बसले होते. त्यांच्यापुढे मोठमोठे टरकतात असं बारकीने ऐकलं होतं. त्यांनी हात वर केला.

"सहाव्या पेटीतली राणी मेली होती, म्हणून तिथे वेगळं घडलं. असंच ना?"

सापळा होता. हो म्हणणं सोपं होतं. बारकी म्हणाली, "असं म्हणता येणार नाही सर. अशी पेटी एकच होती. एकीवरून काही सांगता येत नाही. मुद्दाम राणी काढून घेतलेल्या पाच-सहा पेट्या करून बघायला हव्यात."

"मग केल्या का नाहीत?"

"सुट्टी संपली सर."

सगळं सभागृह हसलं, ते संशोधकसुद्धा. तेवढ्यात मागून शंकासुर उभा राहिला. मॅडमच्या कपाळावर आठी पडली, आता हा काय विचारतोय म्हणून.

"प्रश्न नाही," तो म्हणाला. "फक्त नोंद करायची आहे. हे काम खोटं पाडायचा मी तीन आठवडे प्रयत्न केला. पडलं नाही."

आधी एक टाळी वाजली, मग सगळ्या. बारकीने शेवटच्या रांगेकडे बघितलं. बाबा टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, सगळ्यांना दिसतील असे. आत्या शेजारच्या अनोळखी बाईला दंडाला धरून सांगत होती, "माझी भाची. माझ्याच स्वयंपाकघरात सुरुवात झाली तिची."

चहाच्या वेळी ते वयस्कर संशोधक शोधत आले. "पीएचडी कुठे करणार आहेस?"

"सर, मी बारावीत जाणार आहे."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खांदे उडवले आणि हसू दाबलं. सरांनी आपला कप खाली ठेवला आणि बारकीशी हात मिळवला, अगदी बरोबरीच्या माणसाशी मिळवतात तसा.

निघताना मॅडमनी तिला बाजूला घेतलं. या कामाचा शोधनिबंध लिहायचा होता. त्यावर शंकासुराच्या आधी, पहिलं नाव बारकीचं जाणार होतं. शंकासुरानेच तसं सुचवलं होतं. "राणी नसलेल्या पेट्यांचं काम राहिलंय," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सुट्टीत येशील?"

"पुढच्या सुट्टीपर्यंत कशाला थांबायचं?" बारकी म्हणाली. "रविवारी शाळा नसते."

त्या रविवारी सकाळी साडेआठला संस्थेच्या फाटकाशी पहारेकऱ्याने तिला अडवलं. "बाळ, कुणाकडे जायचंय?"

"प्रयोगशाळेत," बारकी म्हणाली. "मी तिथे काम करते." आणि त्याने फाटक उघडलं.